देवमाशाचा दात

इनोके फौजेची मुलाखत देऊन परत येणार होता, त्या दिवशी घरात अळूची पानं नारळाच्या दुधात शिजत होती. पोराला दूध चांगलं आटलेलं लागतं, म्हणून उनाइसी सारखी झाकण काढून बघत होती, आणि तेवढ्यात नवऱ्याला टोमणे मारून घेत होती.

"इनोकेचे बाबा, त्या दारातून उठा हो जरा. तुम्ही डोळे वटारून बघितलंत म्हणून बस काय उडत येणार आहे?"

"बस कोण बघतंय? मी मुळं वाळली का ते बघतोय," अपिसाई म्हणाला.

अंगणातल्या पत्र्यावर यंगोनाची मुळं पसरली होती. ती कालच खडखडीत वाळली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती कुटून, पाण्यात कालवून गावातले पुरुष रोज पितात. प्यायलं की ओठ आणि जीभ बधिर होते, डोकं शांत होतं. आज मात्र अपिसाईने सकाळपासून करवंटी तोंडाला लावली नव्हती. पोरगा आला की दोघांनी मिळून प्यायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

फिजीतल्या नासेवू गावातून ब्रिटिश फौजेत गेलेली पोरं पूर्वीही होती. पण इनोकेसारखी तयारी कुणी केली नसेल. नदीची वाळू पोत्यात भरायची, पोतं खांद्यावर टाकायचं आणि उजाडायच्या आत डोंगर चढायचा, असं त्याने दोन पावसाळे काढले. धावण्यात पास, लेखीत पास, डॉक्टरने छाती ठोकून बघितली त्यातही पास. उरलं होतं ते साहेबासमोर बसून बोलणं. आणि इनोके काही तोतरा नव्हता.

बस आली. इनोके उतरला, पिशवी कोपऱ्यात ठेवून जेवायला बसला. उनाइसीने वाढलं. त्याने अळू कालवलं आणि एकेक घास खाऊ लागला.

"झालं का रे?" अपिसाईने विचारलं.

"झालं."

"मग? कधी जायचं?"

"नाही घेतलं."

"चल, थट्टा करू नकोस," उनाइसी हसली. "काय, दात किडके निघाले वाटतं? तरी सांगत होते, ऊस कमी चाव म्हणून."

"दात चांगले आहेत आई. मी खोटारडा आहे म्हणाले."

तो हे इतक्या सपाट आवाजात बोलला की उनाइसीच्या हातातला डाव भांड्यातच राहिला.

मग एकेक करून बाहेर आलं. साहेबाने विचारलं होतं, तुला कोर्टाने कधी शिक्षा केली आहे का? इनोकेने ठामपणे सांगितलं, नाही. साहेबासमोर पोलिसांकडून आलेली माहिती होती. साहेब म्हणाला, "खरं सांगितलं असतंस तर म्हणालो असतो, थांब, शिक्षेची मुदत पुरती सरू दे, मग ये. पण तू लपवलंस. लपवणारा माणूस मला नको."

"अरे, पण तू नाही म्हणालासच कसा?" अपिसाईचा आवाज चढला.

इनोकेने बापाकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"पण ते आपण पुरलं होतं ना बाबा?"

वाचकहो, पोरगा आपल्या परीने खरंच बोलला होता.

फिजीच्या गावांत अपराध मिटवायची एक रीत आहे, तिला म्हणतात बुलुबुलु. म्हणजे पुरणं. अपराध्याकडची माणसं देवमाशाचा दात घेऊन दुखावलेल्याच्या दारी जातात, चटईवर बसून मान खाली घालतात आणि दात पुढे करतात. समोरच्याने तो हातात घेतला की झालं, अपराध जमिनीखाली गेला. नंतर त्याचं नाव काढणं हाच मोठा अपराध. रीत चांगली आहे, तिने कितीतरी भांडणं मिटली आहेत, हे मी नाकारत नाही. पण त्याच दाताची दुसरी एक रीत आहे. दात पुढे करून कुणी काही मागितलं आणि तुम्ही तो घेतला, की मागितलेलं द्यावंच लागतं. आणि मोठ्या घराने पुढे केलेला दात नाकारायची छाती लहान घराला कधी होत नाही. सारी मेख तिथे आहे.

इनोके नुकता शाळेतून बाहेर पडला होता तेव्हाची गोष्ट. सरदाराचा थोरला मुलगा, ओसेआ, शहरात दारू पिऊन एका टॅक्सीवाल्याशी भांडला आणि त्याच्या तोंडावर बाटली फोडली. टॅक्सीवाल्याचा डोळा गेला. इनोके बरोबर होता. त्याने आपला सदरा काढून त्या माणसाच्या तोंडावर दाबून धरला, तो तिथेच थांबला आणि रक्ताने भरलेला तोच पोलिसांना सापडला. ओसेआ पळाला होता. टॅक्सीवाल्याला त्या गोंधळात मारणारा धड दिसलाच नव्हता.

दोन दिवसांनी सरदाराच्या वतीने बोलणारा म्हातारा वाटिसोनी दात घेऊन अपिसाईच्या घरी आला.

"तुमचं कूळ लढवय्यांचं," तो म्हणाला. "पिढ्यान्‌पिढ्या तुम्ही आमच्या सरदारापुढे उभे राहिलात, त्याच्या अंगावरचा घाव आपल्या अंगावर घेतलात. ओसेआ उद्याचा सरदार आहे. त्याला डाग लागला तर साऱ्या गावाला लागेल. तुमचा इनोके तिथे होताच. त्याने एवढं आपल्या अंगावर घ्यावं."

अपिसाईने दोन्ही हात पुढे केले आणि दात घेतला. खरं सांगायचं तर त्याची छाती त्या वेळी अभिमानाने भरून आली होती.

"पोराला विचारलंत का?" उनाइसी चुलीजवळून म्हणाली.

"मी दात घेतला," अपिसाई म्हणाला. त्याच्या मते ते उत्तर पुरेसं होतं.

इनोकेने कोर्टात गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा म्हणून तुरुंगात धाडलं नाही. शिक्षा लिहिली, पण नीट वागलास तर घरीच राहा, असं सांगून सोडलं. संध्याकाळच्या बसने पोरगा घरी. गाव म्हणालं, बघा, काही झालं का? मग टॅक्सीवाल्याच्या दारी जाऊन रीतसर बुलुबुलु झालं. एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या त्या माणसाने इनोकेचा हात हातात घेऊन माफ केलं. पुरलं, संपलं. त्यानंतर गावात कुणी त्याचा उच्चार केला नाही. गावाने पुरलेलं सरकारच्या दप्तरात मात्र जसंच्या तसं आहे, हे त्या पोराला कोण सांगणार होतं? ज्यांना कळायला हवं होतं ते सगळे यंगोना पिऊन बधिर बसले होते.

मुलाखतीनंतर इनोके पहाटे उठेनासा झाला. वाळूचं पोतं अंगणात पडून राहिलं, त्यावर कोंबड्या बसू लागल्या. काम सांगितलं की करायचा, वाढलं की जेवायचा. मित्र हाक मारायला आले तर हसायचा आणि घरातच राहायचा. अपिसाई दुपारपासूनच करवंटी हातात धरू लागला. जीभ जड झाली की बरं वाटायचं. मग काहीच वाटेनासं व्हायचं, ते त्याहून बरं.

एकदा मळ्यात दोघे मुळं खणत होते. अपिसाईने पहार टाकली.

"इनोके, तू माझ्यावर ओरड बाबा."

"कशाला?"

"शिव्या दे. दोन धक्के मार. मी काही बोलणार नाही."

"नको," इनोके म्हणाला. "कंटाळा येतो." आणि तो पुन्हा खणू लागला.

त्या दिवशी घरी आल्यावर अपिसाई परड्यात बसून रडायला गेला, पण रडू आलं नाही.

ही बातमी सरदाराच्या घरी पोचायची राहते होय? पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपल्यावर वाटिसोनी चार माणसं घेऊन आला. सगळ्यात मागे ओसेआ होता, इस्त्रीचा सदरा घातलेला, मान खाली. सगळे चटईवर बसले. मान द्यायची रीत म्हणून ओंजळीच्या टाळ्या झाल्या. वाटिसोनीने दात बाहेर काढला. दात मोठा होता, तेल चोळून चोळून मधासारखा पिवळा झालेला. असा दात गावात फार वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

"आमच्यामुळे तुमच्या लेकराचं नुकसान झालं," वाटिसोनी म्हणाला. "सरदाराला फार वाईट वाटलं. झालं ते मातीखाली जाऊ दे. आपल्यातलं प्रेम वर राहू दे." आणि त्याने दात पुढे केला.

अपिसाईचे हात मांडीवर होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला. उचलायचे म्हटले असते तर उचलले गेले असते, इतके ते त्या सवयीचे होते. वाटिसोनीचे म्हातारे दंड थरथरायला लागले.

"अपिसाई, हात दुखतात रे माझे."

"खाली ठेवा."

"काय?"

"दात खाली ठेवा काका. मी घेणार नाही."

बरोबरचे चौघे एकमेकांकडे बघू लागले. त्यांतला एक पुटपुटला, "वेड लागलंय याला."

"असं कुणी करत नाही," वाटिसोनी म्हणाला. तो रागावला नव्हता, घाबरला होता. "तुझ्या बापाने, आज्याने कधी केलं नाही. तुम्ही सरदारापुढे उभी राहणारी माणसं!"

"सरदारापुढे मी उभं राहायला हवं होतं. मी पोराला उभं केलं," अपिसाई म्हणाला. "तुम्ही मागितलंत माझ्याकडे, दिलं मी, आणि गेलं त्याचं. लढवय्यांच्या कुळातलं पोर ते, आणि फौज म्हणते तू खोटारडा. हे कशाखाली पुरू काका? तेवढी माती आहे का गावात?"

अपिसाई आता ओसेआकडे वळला.

"तू कोर्टात जा आणि खरं सांग. मग हा दात मी दोन्ही हातांनी घेईन, डोक्याला लावीन. तोवर नाही."

ओसेआने मान वर केली. त्याचे ओठ हलले. पण वाटिसोनीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते ओठ मिटले. थोड्या वेळाने सगळे उठले. पुढे केलेला दात माघारी नेत नाहीत, म्हणून तो चटईवर ठेवूनच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपिसाईने चर्चला घालायचा सदरा अंगात घातला.

"कुठे निघालात?" इनोकेने विचारलं.

"पुरलंय ते उकरायला. पोलिसांकडे."

इनोके थोडा वेळ उंबऱ्यावर बसून राहिला. मग चपला घालून बापाच्या मागून निघाला. बसमध्ये दोघे शेजारी बसले. शहर येईपर्यंत इनोके खिडकीतून बाहेर बघत होता. कितीतरी दिवसांनी तो कशाकडे तरी बघत होता.

ठाण्यातला पोलीस भला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मामा, कोर्टापुढे तुमच्या मुलाने स्वतः कबूल केलंय. आता बाप म्हणतो खोटं होतं, तेवढ्यावर कोण ऐकणार? ज्याने केलं त्याने स्वतः येऊन सांगायला हवं. आणि खोटी कबुली दिली म्हणून तुमच्यावरही खटला होऊ शकतो, हे ध्यानात घ्या."

"होऊ दे," अपिसाई म्हणाला. "माझं नाव लिहून ठेवा."

आता गावात अपिसाईला कुणी बैठकीला बोलावत नाही. वाटेत भेटलेला माणूस नारळ मोजत असल्यासारखा वर बघतो. घरी तो एकट्याने यंगोना पीत नाही. इनोके अजून डोंगर चढत नाही. मात्र पोत्यावरच्या कोंबड्या त्याने हुसकल्या, आणि पोत्याची उसवलेली शिवण दाभणाने शिवून ठेवली.

दात चटईवर आहे तिथेच आहे. उनाइसी रोज सकाळी घर झाडते, दाताच्या भोवतीने केरसुणी फिरवते, पण त्याला शिवत नाही. पाहुणे आले तर त्याला वळसा घालून बसतात.

नदीवर जायची वाट त्या घरावरून जाते, आणि ओसेआला रोज नदीवर जावं लागतं. तो घरासमोर आला की त्याचे पाय मंदावतात. आतून उनाइसीचा आवाज येतो, "ये की आत. दार उघडंच आहे."

तो पुढे निघून जातो. ती दार लावत नाही.