जिना न उतरलेला पुकारा

मी खुर्ची बोलतेय. नौपाड्यातल्या एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची, पाठीवर पांढऱ्या रंगाने ४७ आकडा काढलेली. ज्येष्ठ नागरिकांच्या तक्रारी ऐकणारं न्यायाधिकरण इथे बसतं. त्यात मी अर्जदाराची.

मैथिली मॅडम परदेशात कायदा शिकून इथे अधिकारी म्हणून आल्या, तेव्हा न्यायाचं दालन म्हणजे उंच छत आणि गंभीर शांतता, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. त्यांना मिळाला खडखडणारा पंखा, आणि मी. माझ्यावर माणूस नव्हता, फायलींचे गठ्ठे होते.

सुताराने मला माणसासाठीच घडवलं होतं. म्हातारी माणसं उठताना आधार शोधतात, म्हणून हात मुद्दाम रुंद ठेवले. पहिली काही वर्षं ती येत, बसत. त्यांच्या तळव्यांनी माझे हात गुळगुळीत झाले. मग लिफ्ट बंद पडली. आईबापांऐवजी मुलंच वर येऊ लागली. आणि रिकामी जागा दिसली की माणूस तिथे काहीतरी ठेवतोच.

त्या मंगळवारी शिपाई कांताबाईंनी रिवाजाप्रमाणे दारात उभं राहून तीनदा पुकारा केला, "रमाबाई धोंडिबा सोनकांबळेऽऽ!" आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. जिना काही उतरला नाही.

रमाबाईंचा मुलगा राकेश पुढे आला. सांभाळीन या त्याच्या शब्दावर त्यांनी ठाकुर्लीची खोली त्याच्या नावावर केली होती. आता तोच बाहेर काढतोय, खोली परत द्या, असा त्यांचा अर्ज होता.

"मॅडम, आईचे गुडघे गेलेत. तिचं काय ते मी सांगतो ना."

मॅडमनी लिहिलं: अर्जदार गैरहजर, अर्ज निकाली. सही तेवढी उद्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं मारता मारता कांताबाई माझ्याशीच बोलत होत्या. त्यांना तशी सवयच आहे. "काल ऑफिस सुटल्यावर मी नि मॅडम खाली उतरलो, तर शेवटच्या पायरीवर एक आजी. डबासुद्धा उघडलेला नाही. म्हणते, 'बाई, माझं नाव कधी पुकारणार? दहापासनं बसलेय. जेवायला उठले नि नेमकं तेव्हाच पुकारलं तर?' म्हटलं, अगं आजी, पुकारा वर झाला! तर म्हणते, 'राकेश बोललेला, इथंच बस, बोलवायला येतील.' मॅडम तिथंच पायरीवर बसल्या गं."

मी थक्क झाले. मी लाकडाची, मला ताटकळणं अवघड नाही. पण दुखऱ्या गुडघ्यांनी, उपाशीपोटी, फक्त आपलं नाव ऐकू यावं म्हणून दिवसभर बसणं! या इमारतीवर एवढा विश्वास कुणाचा असेल, हे मला ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात मॅडम आल्या. 'गैरहजर'वर त्यांनी आडवी रेघ मारली.

"कांताबाई, दोघांनाही नवी तारीख कळवायची. शुक्रवार. सुनावणी तळमजल्यावर. आणि यापुढे प्रत्येक पुकारा आधी फाटकापाशी."

"आणि तो राकेश?"

"त्याचंही ऐकणार. पण तिच्यासमोर."

मग त्यांनी माझ्यावरचे गठ्ठे स्वतः उचलून जमिनीवर ठेवले.

"मॅडम, कुणाला तरी बोलावू?"

"नको. तुम्ही मागचे पाय धरा."

आता मी जिन्याखाली आहे. येता-जाता पिशवी टेकवायचा मोह झाला, तरी कृपा करून माझ्यावर काही ठेवू नका. शुक्रवारी ती येतेय.