फाटका आवाज

नूरबानोने टाकाऊ सुयांच्या डबीतून मुद्दाम एक बोथट सुई निवडली आणि ग्रामोफोनला लावली. समोर खंडेराव मास्तर मान डोलवायच्या तयारीतच बसले होते. देवळाली कॅम्पातल्या एका साहेबाने विलायतेला परतताना रशियन तबकड्यांचा संच तिच्या ग्रामोफोनच्या दुकानात विकला होता. मोठा वाद्यमेळ आणि त्यात गाणारी बाई. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी तो आधीच डोक्यावर घेतला होता. आता मास्तर आपल्या साप्ताहिकात त्यावर लिहिणार होते.

पाच वर्षांपूर्वी याच मास्तरांनी नूरबानोच्या पहिल्या तबकडीवर लिहिलं होतं, 'आवाज फाटका, ऐकवत नाही.' तबकड्या काढणाऱ्या कंपनीने तिला पुन्हा बोलावलं नाही आणि तिनेही मग गळा उघडला नाही. त्याच आठवड्यात मास्तरांचा ग्रामोफोन दुरुस्तीला आला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, लियाकतने, त्यातून पार झिजलेली सुई काढली होती. तबकडीच्या दर बाजूला सुई बदलायची असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हापासून ती या माणसावर दात धरून होती. त्याने रशियन बाईलाही फाटकी म्हणावं आणि साऱ्या नाशकात त्याचं हसं व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

तबकडी खरखरली. बाईचा आवाज चिरकत गेला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

रविवारी अंक आला. लियाकतने वाचून दाखवलं, 'या बाईचा आवाज जिथे फाटतो, तिथे ऐकणाऱ्याचं काळीज फाटतं.' नूरबानोच्या अंगाचा तिळपापड झाला. फाटका आवाज साहेबाच्या बंगल्यातून आला की काळीज फाटतं, आमच्या भद्रकालीच्या गल्लीतून आला की ऐकवत नाही.

संध्याकाळी मास्तर पुन्हा ऐकायला हजर. या वेळी तिने कोरी सुई लावली. मास्तर चुळबुळले. त्या दिवशीचा दर्द यात नाही म्हणाले.

"त्या दिवशी सुई बोथट होती," ती म्हणाली. "माझ्या तबकडीला तुम्ही लावली होती तशीच."

मास्तरांचा चेहरा पडला. मग ते हळूच म्हणाले, "तुमची लावा की, बाई. नव्या सुईने ऐकतो. चांगली वाटली तर तसं छापतो."

लियाकत लगबगीने फळीकडे वळला.

"राहू द्या," नूरबानोने त्याला थांबवलं. "मास्तर, ही बाई फार सुरेल गाते. तुम्ही तिलाही ऐकलं नाहीत. तुमच्या कानांनी माझं गाणं चांगलं ठरवलेलं मला नको."

मास्तर टोपी सावरत पायऱ्या उतरले.

"गेलेलं नाव परत मिळालं असतं," लियाकत पुटपुटला.

तिने रशियन बाईची तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली. बाई वरच्या सुरावर गेली, तसा नूरबानोचा हात गाताना जायचा तसा कानाशी गेला. गळ्यातून मात्र काही निघालं नाही.