मावशींची नऊ मिनिटं

फळ्यावर रोज लाल पेनाने आकडे लिहायची ती ताईच. बँकेच्या कॉल सेंटरमधल्या बारा जणांची ती प्रमुख, आणि एका फोनला चार मिनिटं हा तिथला नियम. ज्याला सगळे तुफान म्हणायचे तो गडी तीन मिनिटांत गिऱ्हाईक वाटेला लावायचा. आणि मावशींची सरासरी? नऊ!

मावशी पन्नाशीच्या. वीस वर्षं ज्या दुकानात काढली ते बंद पडलं, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि ही नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर मिळालेली. आज त्या बोलीचा शेवटचा दिवस. साहेबांनी सकाळीच कागद ताईच्या टेबलावर ठेवला होता. "पाचपर्यंत सही करा. नारळ द्यायचाच आहे, तर गोड बोलून द्या."

बाई मनाने सोन्यासारखी, पण नियम म्हणजे नियम, अशी ताईने स्वतःची समजूत घातली. कागदावर शेरा लिहायचा तर त्या माणसाचे रेकॉर्ड झालेले तीन फोन ऐकावे लागतात. तिने हेडफोन चढवला.

पहिल्याच फोनवर एक आजोबा. मोबाइलवर खातं उघडेना म्हणून रडकुंडीला आलेले. "आजोबा, आधी चष्मा आणा. मी थांबते," मावशी म्हणाल्या. मग दोन मिनिटं नुसते खण उघडल्याचे आणि आपटल्याचे आवाज. ताई चरफडली. अहो, दोन मिनिटं म्हणजे अर्धा फोन की हो! शेवटी चष्मा सापडला. मावशींनी एकेक पायरी त्यांच्याच हातून करून घेतली, कागदावर लिहायला लावली, आणि वर म्हणाल्या, "आता तुम्ही मला शिकवा बघू." आजोबांनी घडाघडा म्हणून दाखवलं आणि लहान मुलासारखे हसले.

ताईला राहवेना. तिने आजोबांचा नंबर संगणकात टाकला. त्याच आठवड्यात त्यांनी आधी चारदा फोन केला होता, त्यातले तीन तुफानने उचललेले. मावशींनंतर? एकदाही नाही.

मग तिने महिनाभराचे सगळे फोन काढले. तुफानच्या शंभर गिऱ्हाइकांतली चाळीस पुन्हा फोन करत होती, मावशींची फक्त चार. एक ना धड, भाराभर चिंध्या! आणि आपण रोज फळ्यापुढे उभं राहून त्या चिंध्यांना शाबासकी देत होतो. ताईला स्वतःचीच लाज वाटली.

सही न केलेला कागद आणि हे आकडे घेऊन ती साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी आकडे दोनदा वाचले, कपाळ चोळलं. "वर मिनिटंच विचारतात हो, ताई. मी काय उत्तर देऊ?"

"माझं नाव सांगा. महिनाभर फळ्यावर मिनिटं नाही, परत आलेले फोन लिहीन. आकडा कमी झाला नाही, तर मावशींबरोबर मीही जाते."

बोलून गेली खरी, पण तिच्याही घरी कमावणारी तीच होती. साहेबांनी कागद तिच्याकडे परत सरकवला. "एक महिना," ते शेवटी म्हणाले. "एक दिवसही जास्त नाही."

ती मावशींच्या टेबलापाशी आली, तर खण रिकामा. पाण्याची बाटली, नवऱ्याच्या औषधांची चिठ्ठी, जुना स्वेटर, सगळं पिशवीत भरलेलं. मावशींना न सांगताच कळलं होतं. त्यांनी हेडफोनच्या माइकवर हात धरला. डोळे भरलेले, पण आवाज शांत.

"ताई, निघते हो मी. फक्त दोन मिनिटं द्या. लाइनवर एक आजी आहेत, चष्मा शोधताहेत."

ताईने तो कागद टराटरा फाडला. पिशवीतली बाटली काढून परत टेबलावर ठेवली, शेजारची खुर्ची ओढली आणि बसली.

"शोधू दे त्यांना सावकाश," ती म्हणाली. "मीही थांबते."