नऊ ते सहा

जगदेवने सातबारा टेबलावर असा आपटला, की व्हिसाची कामं पाहणाऱ्या निता मॅडमच्या कपातला चहा बशीत सांडला.

"रस्त्याले लागून नऊ एकर हाये, मॅडम. शेलूबाजारात कोनालेही विचारा. आमाले ते पैशावालं लावा."

पैशावालं म्हणजे गुंतवणूकदाराचा व्हिसा. दुसरा होता कारागिराचा. या दोन व्हिसांनी महिनाभर घरात नुसता उच्छाद मांडला होता. शेजारी बसलेला जगदेवचा मुलगा हरीओम तिशीचा, वेल्डिंगमध्ये पट्टीचा. त्याला परदेशात जाऊन कायमचं राहायचं होतं. त्या देशाचं नाव जगदेवच्या जिभेवर बसत नसे, म्हणून तो नुसतं 'तिकडं' म्हणे. पोरगा ऐकत नाही म्हटल्यावर त्याने एकच हट्ट धरला होता. जायचं तर मालक म्हणून जायचं. अख्ख्या तालुक्याला थ्रेशर बनवून देणाऱ्याच्या पोराने तिकडे जाऊन कोणाची चाकरी करायची? छे!

निता मॅडमने सातबारा वाचला. वाशीमच्या या माडीवरच्या ऑफिसात रोज असे बाप येत असावेत, कारण त्या अजिबात घाबरल्या नाहीत.

"काका, नाव तुमचं आहे."

"मंग कोनाचं राह्यते?"

"मग अर्जही तुमचाच होईल. पैसा ज्याचा, धंदा ज्याने चालवला, व्हिसा त्याला. तुम्ही आणि काकू कायमचे राहू शकता. हरीओम तीस वर्षांचे, लग्न झालेलं. ते तुमच्या अर्जात बसत नाहीत."

"मी कायले जाऊ तिकडं? मले वाशीमले आलो तरी करमत नाई!"

"शेत त्याच्या नावावर करून देतो ना," तो लगेच पुढे म्हणाला.

"शेत होईल. पण धंदा चालवल्याचा पुरावाही लागतो. वर्कशॉपच्या एका तरी कागदावर त्यांचं नाव आहे का?"

नव्हतं. लाइटबिलावर जगदेव, परवान्यावर जगदेव. प्रत्येक थ्रेशरच्या पत्र्यावर वेल्डिंगने काढलेलं नावही जगदेवचंच. ती अक्षरं मात्र आठ वर्षं हरीओम काढत होता, इतकी गोल की लोक हात फिरवून पाहत.

"मग कारागिराचा बघू," मॅडम म्हणाल्या. "वेल्डरला मागणी आहे. वय बसतं, परीक्षाही ते पास होतील. फक्त तीन वर्षं पगारी काम केल्याचा पुरावा हवा. नेमणुकीचं पत्र, आणि दर महिन्याला बँकेत पगार."

"आठ वर्षं झाले तो माह्याजवळ काम करून राह्यला!"

"पगार?"

"घरच्या पोराले कोनी पगार देते काय? सगळं त्याचंच तं हाये!"

हे वाक्य जगदेवने आजवर हजारदा म्हटलं असेल. हरीओमने मोटारसायकल मागितली तेव्हा, लग्नानंतर वेगळी खोली मागितली तेव्हा. पाहुण्यांसमोर तर अभिमानाने. आज पहिल्यांदाच त्यावर कोणी मान डोलावली नाही. हरीओम आपल्या भाजलेल्या बोटांकडे पाहत बसला होता.

"वर्कशॉपमध्ये पगारावर कोणी आहे?"

"देवमन हाये. त्याले बँकेत पाह्यजे म्हने, तं बँकेत देतो."

"मग देवमन अर्ज करू शकतात," मॅडम सरळपणे म्हणाल्या.

जगदेवच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवमन! ज्याला अजून थ्रेशरचा ड्रम सरळ बसवता येत नाही, ज्याला हरीओमने हाताला धरून शिकवलं, तो देवमन! जगदेव टेबलावर वाकला.

"मागच्या तारखेचं पत्र देतो. शिक्का माह्याजवळच हाये."

"बँकेचं काय कराल? आणि पकडलं गेलं तर दार कायमचं बंद होईल, काका."

तेव्हा हरीओम पहिल्यांदा बोलला.

"नाई पाह्यजे. काम म्या खरं केलं. त्याले खोटा कागद कायले?"

परतताना हरीओमच्या मोटारसायकलवर मागे बसल्या बसल्या जगदेवच्या डोक्याचा भुगा झाला. शेलूबाजारच्या अलीकडे त्याला राहवलं नाही.

"पगार पाह्यजे होता तं मांगाले काय झालं होतं तुले?"

"मांगतला असता तं देल्ला असता?"

'हो' म्हणून खोटं जगदेवला बोलता आलं असतं, पण पोरगं बापाला ओळखून होतं.

वर्कशॉपवर आल्याबरोबर त्याने नाव छापलेला कोरा कागद काढला. नेमणुकीचं पत्र त्याने आयुष्यात एकदाच दिलेलं, देवमनला. त्याचीच प्रत समोर ठेवून तो ओळीमागून ओळ उतरवत गेला. 'हुद्दा' आला तिथे पेन थांबलं. गिऱ्हाइकं देवमनला मिस्त्री म्हणत आणि हरीओमला जगदेवचं पोट्टं. त्याने सावकाश लिहिलं, 'मुख्य मिस्त्री'.

हरीओमने पत्र वाचलं. त्या दोन शब्दांवर त्याचा अंगठा जरा रेंगाळला.

"तारीख कोन्ती टाकू?" जगदेवने विचारलं.

"आजची."

म्हणजे इथून पुढे तीन वर्षं. जगदेवने शिक्का मारला, आणि खरं सांगायचं तर त्याला मनातून बरं वाटलं. तीन वर्षं पोरगं कुठे जात नाही. त्या रात्री तो दोन भाकरी जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी हरीओम नवाच्या ठोक्याला आला. एरवी तो सातलाच शटर उघडायचा. दिवसभर त्याने मान वर न करता काम केलं, केनवडच्या गोविंदसिंगचा थ्रेशर जवळजवळ उभा केला. सोयाबीन काढणीला आलेलं, गोविंदसिंग सकाळीच ट्रॅक्टर घेऊन येणार होता. सहा वाजता देवमनने हात धुतले. त्याच्यामागे नळाखाली हरीओमनेही हात धरले.

"अरे, ह्या दोन पट्ट्या राह्यल्या ना!" जगदेव ओरडला. "अर्ध्या घंट्याचं काम हाये!"

"उद्या नवाले लावतो, बाबा."

"काहून? आज काय झालं?"

हरीओमने हात पुसले. आवाजात राग नव्हता, तेच जगदेवला जास्त लागलं.

"पत्रात नऊ ते सहा लिहेल हाये. तुमीच लिहेल हाये."

तो देवमनसोबत बोलत बोलत निघाला. जगदेवच्या तोंडाशी नेहमीचं वाक्य आलं. सगळं तुहंच तं हाये. 'सगळं'पर्यंत ते आलं आणि तिथेच अडकलं.

"काय म्हनलं?" हरीओमने वळून विचारलं.

"काई नाई. जा तू."

त्या दोन पट्ट्या लावायला जगदेवने खुंटीवरचा वेल्डिंगचा चष्मा काढला. आठ वर्षांत त्याने तो घातला नव्हता. पट्टा हरीओमच्या डोक्याच्या मापाचा होता. तो ओढून घट्ट करावा लागला.