संत्र्यातली सुई

संत्री करणीनं गळत असतील, तर खुशालरावांचा त्यात सरळ फायदा होता. दोन महिने बगीच्यात पडून सडलेली फळं त्यांनी उचलली का नाहीत, हे मग कोणी विचारणार नव्हतं. म्हणून वरूडजवळच्या त्यांच्या बगीच्यात शंभरेक माणसं जमली, तेव्हा करणी शोधायला आलेल्या महाराजांच्या पायाशी सर्वांत आधी वाकले ते तेच.

ओमप्रकाश महाराजांनी गळालेलं एक संत्रं उचललं. सालीवर टाचणीएवढं भोक. त्यांनी ते दाबलं, रस ओघळला आणि बोटांतून निघाली गंजकी सुई!

“फळ नाही टोचलं बापू, तुमचं नसीब टोचलं! गावात सुईवर पोट भरनारं कोन हाय?”

सगळ्या माना वळल्या. गोधड्या शिवून एकट्या राहणाऱ्या माणिकबाई बांधावर उभ्या होत्या.

“याच सुईनं तुमच्या लेकरायच्या गोधड्या शिवल्या न रे!” त्या एवढंच म्हणाल्या.

महाराजांनी निकाल दिला. शनिवारपर्यंत बाईनं गाव सोडावं आणि करणी अडवायला खुशालरावांनी बगीच्याच्या चारी बाजूंनी गुळवेल लावावी.

तेवढ्यात खुशालरावांची सून आकांक्षा पुढं आली. शेतकी शिकलेली पोर. “महाराज, आता तुमी हात लावू नका. मी कापतो.”

एक कापलं, दुसरं, चौथं. सुई नाही.

“तुह्या हाताले सुई लपते, पोरी.”

“तुमच्या हातात निघते, माह्या हातात लपते. लय शहानी सुई हाय!”

चार जण हसले. सासरे लाल झाले. “सूनबाई, घरात चाल!”

“चालतो मामाजी. पन बिनभोकाचं एक फळ तुमीच निवडून द्या.”

दिवेलागणीला तिनं झाडावरच्या संत्र्यावर बसलेला एक जाडजूड पतंग धरला, त्या फळासोबत जाळीच्या डब्यात ठेवला आणि कुलपाची किल्ली सासऱ्यांच्या खिशात टाकली. सकाळी सगळ्यांसमोर डबा उघडला. फळावर तेच भोक, तोच रसाचा थेंब.

मग तिनं पतंगाच्या तोंडाखाली गुंडाळलेली सोंड काडीनं अलगद उलगडली.

“फुलातला मध ओढाले फुलपाखराले अशीच नळी असते, पन मऊ. याची टोकाशी टनक अन् काटेरी. साल फोडून रस पेते. भोकातून बुरशी शिरते, फळ गळते. सडक्या फळायच्या वासानं आनखी पतंग येतात. अन् याच्या अळ्या काय खातात? गुळवेल!”

महाराज कुठं दिसेनात. पहाटेच्या एसटीनं गेले होते.

मला वाटलं, संपलं. पण खुशालरावांनी डोकं खाजवलं. “पतंग हाय, मानलं. पन धाडला कोनं?”

आणि त्याच माना पुन्हा माणिकबाईंकडे वळल्या! कपाळावर हात मारावा, दुसरं काय!

लोकहो, फळाला भोक दिसलं तर आधी ते पाडणारं तोंड शोधा. शेजारणीचं नाव घेण्याआधी निदान एक रात्र डब्याला कुलूप लावून पाहा.

त्या हंगामाचा जमाखर्च असा: पतंगाला रस, महाराजांना दक्षिणा, खुशालरावांना निमित्त. माणिकबाईंकडे मात्र त्या आठवड्यात जुनं लुगडं घेऊन कोणीच फिरकलं नाही. शनिवारी त्यांनी दाराला कडी घातली आणि अकोल्याला बहिणीकडे निघून गेल्या. सगळं बिल फाटलं ते त्यांच्या नावानं.