न मारलेली उडी

अकरा वर्षं मी दुष्ट माणूस होतो, तेही पगारी. रस्त्यात मला बघून पोरं आईच्या मागे लपायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

मालिकेत आम्ही सख्खे भाऊ. मी थोरला. बापाची अचाट ताकद मला मिळायची ती धाकट्याला मिळते आणि माझं डोकं फिरतं ते फिरतंच. मी पूल पाडतो, शहर पेटवतो, पण ते सगळं निमित्त. मला हवा असतो फक्त तो. खऱ्या आयुष्यातही काही फार वेगळं नव्हतं. हिरोचं काम आधी मला मिळालं होतं. ड्रेसवाल्यानं माझं माप घेऊन निळा पोशाख शिवला, आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, ‘चेहरा जरा उग्र वाटतोय, तुम्ही खलनायक करा.’ माझ्या मापाचे कपडे त्याच्या अंगावर चढले. नुसता जळफळाट झाला माझा.

तो बाहेरही मला दादाच म्हणायचा. मी त्याला धाकटा म्हणायचो, तोंड वाकडं करून.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. हिरो एका हातानं खलनायकाची कॉलर धरून त्याला भिंतीवर उचलतो ना, त्यात हिरो काहीच करत नाही. खलनायकच उडी मारतो, हिरोचं मनगट दोन्ही हातांनी धरतो आणि भिंतीतल्या लाकडी ठोकळ्यावर टाच टेकवतो. ठोकळा माझ्या झग्याआड लपलेला. खूण ठरलेली होती. ‘आता पुरे, दादा!’ असं त्याचं वाक्य, आणि त्यातल्या ‘दादा’ला मी उडी मारायची. सगळं वजन माझं मीच पेलायचं आणि टाळ्या त्यानं घ्यायच्या.

चौथ्या वर्षी त्याला पारितोषिक मिळालं. मंचावरून त्यानं आईचे, दिग्दर्शकाचे, अगदी ड्रायव्हरचेसुद्धा आभार मानले. मी तिसऱ्या रांगेत कोट घालून बसलो होतो. माझं नाव आलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेमका तोच शॉट होता. ‘आता पुरे, दादा!’ तो म्हणाला. मी उडी मारली नाही.

विसरलो, असं नंतर स्वतःला सांगितलं. थाप. मी पाय रोवून उभा होतो. त्यानं हिसका दिला, पुन्हा दिला आणि खरोखरच मला वीतभर उचललं. त्याच्या पाठीत काहीतरी कट्‌कन वाजलेलं मी ऐकलं. ‘एकदम खरं वाटलं!’ दिग्दर्शक ओरडला. धाकटा हसला आणि हळूच खुर्चीत बसला.

मग पोशाखाखाली पट्टा आला. मग दोन ऑपरेशनं झाली, आणि दुसऱ्यानंतर तो पाय ओढायला लागला. विचारेल त्याला सांगायचा, ‘घरी जिन्यावरून घसरलो.’ ते ऐकून मी सुटकेचा निःश्वास टाकायचो. याला कळलेलं नाही! सात वर्षं अन्न गोड लागलं नाही, पण कबूल करायला जीभही उचलली नाही. त्यानंतर एकही उडी मात्र चुकवली नाही.

यंदा त्यानंच ‘आता होत नाही’ म्हणून सांगितलं आणि मालिका बंद करायचं ठरलं. शेवटच्या दिवशी आज सांगायचंच, असं ठरवून मी घरून निघालो. तो चाकाच्या खुर्चीतून आला, बायको ढकलत होती.

‘डमी घेऊ,’ फाइट मास्टर म्हणाला. ‘पाठमोरा दाखवू.’

‘कशाला? दादा आहे ना.’

दोघांनी त्याला उभं केलं. त्यानं माझ्या कॉलरमध्ये बोटं अडकवली, पकड नव्हतीच. कॅमेरा सुरू होण्याआधी तो माझ्या कानाशी आला.

‘दादा, या वेळी उडी मार हं.’

पुढचं काही ऐकू आलं नाही. फक्त ‘दादा’ ऐकलं आणि उडालो. त्याचा हातही मीच वर धरून ठेवला. माझे डोळे वाहत होते. दिग्दर्शकाला तो अभिनय वाटला.

मेकअपच्या खोलीत मी त्याच्यासमोर जमिनीवरच बसलो.

‘तुला माहीत होतं.’

‘पाठ माझी होती, दादा.’

‘मग सात वर्षं बोलला का नाहीस?’

तो आरशात बघत राहिला. ‘कपडे कुणाच्या मापाचे आहेत ते ड्रेसवाल्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मुकाट्यानं घातले. मंचावर तुझं नाव घेतलं असतं, तर तेही बोलावं लागलं असतं.’

‘तेवढ्यासाठी तुला एवढी शिक्षा?’

‘नाही रे. ते जरा जास्तच झालं.’

आम्ही दोघंही हसलो. मग मला हसता येईना. ‘माफ कर,’ मी म्हणालो, दोनदा, तीनदा.

बाहेर गाडी आली होती. ‘भाऊजी, जरा याला आत बसवता?’ त्याची बायको म्हणाली. ‘माझे हात गळून गेलेत आज.’

मी वाकलो, त्याच्या काखेत हात घातले. तोंडानं ‘माफ कर’ चालूच होतं.

‘आता पुरे, दादा,’ तो म्हणाला.

खूण झाली. या वेळी उडी त्यानं मारायची होती, आणि त्याच्या पायांत ती राहिली नव्हती. त्याचं सगळं वजन माझ्या हातांत आलं. फार नव्हतं.