चहारोम कुंदा

२०२३ सालच्या गणपतीतली गोष्ट. सीमाभागात, टिळकवाडीतल्या एका अपार्टमेंटमध्ये कुंद्याची, म्हणजे तिथल्या आटीव दुधाच्या मिठाईची, स्पर्धा ठरली. जी पहिली येईल, तिचा नैवेद्य सगळ्यांच्या आधी, असा मान. गेल्या वर्षी तो निपाणीच्या अक्काताईंनी पटकावला होता, तेव्हापासून वासंतीबाईंचा जीव त्यात अडकलेला.

आणि परीक्षक कोण, तर त्यांचेच यजमान शरच्चंद्र मास्तर! खोटं बोलायची सवय नाही, हीच पंचाईत.

निवृत्तीनंतर मास्तर मोबाईलवर फारसी शिकत आणि बायकोला शिकवत. "सोपं आहे गं! आकड्याला मागं 'ओम' लावायचा. चहार म्हणजे चार, चहारोम म्हणजे चौथा. आपला दुय्यमसुद्धा तिकडचाच." कुकरच्या शिट्ट्याही घरात तशाच मोजल्या जात. स्पर्धेच्या सकाळी वासंतीबाई दूध आटवत होत्या, तर हे मागे उभे. "पंचविसावा कसा म्हणशील?" त्या आठवेपर्यंत कुंदा खाली लागला.

संध्याकाळी मांडवात वाद पेटला: निकाल आधी मराठीत की कन्नडात? सेक्रेटरी नागेंद्र घामाघूम. इकडे मास्तरांच्या जिभेवर बायकोचा करपट कुंदा. खरा निकाल सांगावा तर रात्रीच्या जेवणाची खात्री नाही. एकदम सुचलं.

"फारसीत सांगतो. कुणाचंच आधी नको, नंतर नको!"

अव्वल म्हटलं तर सगळ्यांनाच कळणार, म्हणून त्यांनी जुना शब्द काढला.

"अक्काताई, नखुस्त!"

"काय ओ मास्तर, नखुस्त कुणाला म्हणतासा?" अक्काताई उसळल्या.

"रचना, दोव्वोम. जयाबाई, सेव्वोम. आणि वासंती... चहारोम!"

शेवटचा शब्द असा खणखणला की मांडव टाळ्यांनी दणाणला. नागेंद्रनं धावत येऊन हार वासंतीबाईंच्याच गळ्यात घातला. मान आला होता. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

वासंतीबाईंनी हाराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, चहारोम शिट्टीला आपला भात करपतो!" हार काढून त्यांनी अक्काताईंना घातला. "तुम्ही पहिल्या हो. मी चौथी, शेवटची. पण ह्यांनी पंचविसावा विचारला नसता ना, तर मीच नखुस्त होते!"

अक्काताईंनी पुढं दारावर पाटीच लावली: 'नखुस्त'. नागेंद्र आता निकाल तोंडानं सांगतच नाही, बोटं दाखवतो. वासंतीबाईंना मान पुढच्या वर्षी मिळाला. मास्तर फारसी गच्चीवर जाऊन शिकतात, पण कुंदा ढवळायचं काम त्यांच्याकडे लागलंय, तेही तोंड मिटून. कुकर पुन्हा मराठीत मोजला जातो.